फळीसाठी अर्ज

"पालकाचं नाव राहिलंय, मॅडम." समाधानने अर्ज खिडकीतून परत सरकवला.

"पालक वारले," द्वारकाबाई म्हणाल्या. "वडील अठ्ठ्याण्णव साली, आई कोविडच्या आदल्या वर्षी."

"अरेरे. मग पती?"

"आहेत."

"मग त्यांची सही आणा. तिथं छापलंय बघा, पालक, तिरकी रेघ, पती."

"पती पालक असतात का?"

"म्हणून तर तिरकी रेघ आहे, मॅडम. दोन्हीपैकी कुणीही चालतं."

समाधान हा कर्वेनगरच्या प्रवाह जलविहार मंडळाचा व्यवस्थापक. चाळिशीचा, नम्र, इस्त्रीच्या शर्टातला. तो कधी आवाज चढवत नसे. पुण्यात खिडकीपलीकडचा माणूस नम्र असणं ही इतकी दुर्मीळ गोष्ट आहे की समोरच्याचा अर्धा राग तिथेच विरतो. द्वारकाबाईंचा विरला नाही. त्या स्वतः एका कॉलेजच्या कार्यालयात एकतीस वर्षं खिडकीपलीकडे बसत आल्या होत्या. नम्रपणे परत पाठवलेला माणूसही परतच जातो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

अर्ज होता तलावातल्या तीन मीटर उंचीच्या फळीवरून सूर मारायच्या परवानगीचा. काठावरून कुणीही सूर मारावा, त्याला अर्ज लागत नसे. फळीला लागे.

"माझं वय वाचलंत?"

"छप्पन्न. म्हणजे डॉक्टरांचा दाखला लागतो. तो आपण जोडलाय. छान."

"पुरुषांच्या अर्जात हा रकाना आहे?"

"नाही. पुरुषांचा अर्ज निळा असतो."

एवढं स्पष्टीकरण पुरेसं आहे अशा चेहऱ्याने समाधानने पेनाला टोपण लावलं.

"काल आमच्या आधीच्या बॅचचे एक काका फळीवरून गेले. सत्तरीचे तरी असतील. छातीवर बायपासचा व्रण लांबून दिसत होता. त्यांच्या अर्जावर त्यांच्या पत्नीची सही आहे का?"

समाधान हसला. अगदी मनापासून. "पुरुष स्वतःच्या जबाबदारीवर उडी मारतात, मॅडम."

"आणि बायका?"

"घरच्यांच्या."

त्याच्या डोक्यामागे मंडळाने छापून घेतलेलं रंगीत पोस्टर होतं. 'सूर मारा, आयुष्य बदला!' खाली फायदे दिले होते. आत्मविश्वास वाढतो. भीती जाते. एकाग्रता येते. पाठीचा कणा ताठ होतो. निर्णयक्षमता सुधारते. ती सुधारेपर्यंतचे निर्णय घरच्यांनी घ्यायचे असावेत.

पोस्टरशेजारी साधा कागद होता, आणि तो जास्त महत्त्वाचा होता. एकतीस मेनंतर डायव्हिंगचा टँक कायमचा बंद. तेरा फूट खोलीचा तो टँक बुजवून तिथे चार फुटांचा फॅमिली पूल होणार होता. चित्रात एक प्लास्टिकची छत्री होती आणि तिच्यातून पाणी पडत होतं. छत्रीखाली एक कुटुंब पाणी अंगावर घेत आनंदाने उभं होतं.

आज सव्वीस एप्रिल होता. द्वारकाबाईंनी अर्जाची घडी घातली आणि तो पर्समध्ये ठेवला. "बघते," म्हणाल्या. कॉलेजच्या खिडकीवर त्यांच्या समोरची माणसंही जाताना हेच म्हणत.

*

त्या पोहायला आल्या होत्या कंबरेसाठी. तीन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, "पट्टा बांधा नाहीतर पोहा." त्यांनी सहा महिने पट्टा बांधला. मग त्रेपन्नाव्या वर्षी त्या बायकांच्या बॅचला आल्या, सकाळी सव्वाआठ ते नऊ, आणि कोंडीरामच्या हाताखाली लागल्या.

कोंडीराम मंडळाचा जीवरक्षक आणि शिक्षक. मूळचा वाघोलीचा. दर अकरा महिन्यांनी त्याचा करार नवा होई, आणि दर वेळी तो होईल की नाही, हे समाधानच्या मर्जीवर असे. वडलांची जमीन गेली, तिच्यावर बारा मजल्यांच्या इमारती आल्या. "बी विंगच्या लिफ्टखाली हाय आमची हीर," असं तो सांगायचा. त्या विहिरीत तो पाचव्या वर्षी पडला होता. पोहणं तो त्याच दिवशी शिकला. पडण्याची मात्र त्याला गोडी लागली.

एकदा बॅचमधल्या कांताबाईंचं कानातलं डायव्हिंग टँकमध्ये पडलं. कोंडीराम फळीवर चढला. त्याने उडी मारलीच नाही. हात वर केले, थोडा वाकला आणि सरळ खाली गेला. पाणी उडालं नाही, आवाज झाला नाही. हिरव्या पाण्यात एक फट पडली आणि मिटली.

द्वारकाबाई काठाला धरून बघत होत्या. त्या कुठेही गेल्या की आवाज होई. घरात शिरल्या की "आलीस का, चहा टाक". कार्यालयात शिरल्या की "टिळेकर मॅडम, बोनाफाईड". लग्नात गेल्या तर "द्वारका, जरा बघ गं, आचारी काय म्हणतोय". इतक्या गुपचूप कुठे जाता येतं, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"मला हे शिकायचंय," त्या म्हणाल्या.

"बुडी का सूर?"

"तुम्ही मारलात ते."

"शिकू की. त्यात काय न्हाई. भ्याचं तेवढं सोडायचं."

त्यात बरंच काही होतं. पहिले पंधरा दिवस त्यांनी नुसतं काठावर बसून, पाय पाण्यात सोडून, हात कानांना घट्ट लावून डोक्याने आत पडायचं होतं. "उडी मारायची न्हाई, ताई," कोंडीराम सांगे. "उडी पोरं मारत्यात. आपून पडायचं. हनवटी छातीला. पान्याकडं बघू नका, पानी कुटं पळून जात न्हाई." मग एका गुडघ्यावर बसून. मग ओणवं उभं राहून. मग काठाला पायाची बोटं वळवून धरून. प्रत्येक पायरीवर शरीर जेमतेम तयार होई आणि मान नकार देई. मानेला पुढचं बघायची सवय असते. शेवटच्या क्षणी ती वर उठे, आणि द्वारकाबाई पोटावर आपटत. असा आवाज होई की पलीकडच्या टँकमधल्या मुली थांबून बघत.

"द्वारकाबाई, पाणी फुटलं की पोट?" कांताबाई ओरडत. कांताबाई बासष्ट वर्षांच्या, निवृत्त नर्स, तोंडाच्या फटकळ.

"पाणी," द्वारकाबाई लालभडक पोट धरून म्हणत. "पोट शाबूत आहे."

पोट महिनाभर लाल राहिलं. मग एका सकाळी मान वर उठली नाही. का, ते त्यांना कळलं नाही. बोटं पाण्याला लागली, मग डोकं गेलं, आणि मागून सगळं अंग त्याच भोकातून आत शिरलं. कानात एकदम शांतता. एक सेकंद, फार तर दीड. त्या दीड सेकंदात जगातला कुणीही माणूस त्यांना काहीही मागू शकत नव्हता. वर आल्या तेव्हा नाकात पाणी गेलं होतं आणि त्या हसत होत्या. कंबर केव्हाच बरी झाली होती.

त्यानंतर वर्षभर त्या काठावरून सूर मारत आल्या. पण काठ पाण्यापासून हातभर उंच. शांतता सुरू होते न होते तोच संपते. फळी तीन मीटर. "वरनं याल तर खाली खोलवर जाल," कोंडीराम म्हणाला होता. "लई येळ लागतो वर यायला. आता तयार हाय तुमी." तो असं सहसा कुणाला म्हणत नसे. पण अर्ज मंजूर झाल्याशिवाय फळीवर बाई चढली, तर त्याचा करार तिथेच संपणार होता.

*

"आण इकडे, करतो सही," रंगनाथराव म्हणाले. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि स्वभावाने मोकळे होते. "त्यात काय एवढं?"

"त्यात एवढं आहे."

"काय?"

"मी छप्पन्न वर्षांची आहे."

"मग? मी कुठं नाही म्हणतोय? बरं, सहीखाली एक ओळ टाकू का, गेलेला माल परत घेतला जाणार नाही?"

द्वारकाबाई हसल्या नाहीत. रंगनाथराव दुखावले. त्यांच्या विनोदाला बायको हसत नाही असं सहसा घडत नसे. ती न ऐकताही हसे.

"अगं, बत्तीस वर्षांत मी तुला कशाला नाही म्हटलंय का?"

"नाही."

"मग?"

"हो म्हणायचं काम तुमच्याकडे कुणी दिलं, ते विचारतेय."

रंगनाथरावांनी पेन खिशात ठेवलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांचं चुकलं काय, हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. चूक त्यांची नव्हतीही. त्यांना न विचारता कुणीतरी त्यांना मालक करून ठेवलं होतं, आणि ते चांगले मालक होते.

गंमत अशी की ती सही द्वारकाबाईंना चार सेकंदांत करता आली असती. मुलाच्या प्रगतिपुस्तकापासून गॅसच्या पावतीपर्यंत आणि सोसायटीच्या सभेच्या हजेरीपासून मंडळाच्या कौटुंबिक सभासद-कार्डापर्यंत 'रं. वि. टिळेकर' ही सही बत्तीस वर्षं त्याच करत आल्या होत्या. ट-ची शेपटी त्या रंगनाथरावांपेक्षा डौलदार काढत. रंगनाथराव फक्त बँकेपुरती करत. त्या रात्री अर्ज जेवणाच्या टेबलावर पडून होता. पेन शेजारी होतं. द्वारकाबाईंनी टेबल पुसलं, अर्ज उचलून कपाटात ठेवला आणि झोपल्या.

*

दोन दिवसांनी कॉलेजच्या खिडकीवर संस्कृती नावाची मुलगी आली. कॉलेजच्या साहसी क्रीडा गटाची सहल मालवणला जाणार होती. समुद्रात पाठीवर सिलिंडर बांधून खाली माशांमध्ये उतरवणार होते. मुलीने संमतीपत्र सरकवलं.

"पालकांची सही आणा," द्वारकाबाई मान वर न करता म्हणाल्या.

"मॅम, पप्पा आमच्यासोबत राहत नाहीत. मम्मीची चालेल?"

"वडील हयात असतील तर वडलांची."

"मॅम, मी वीस वर्षांची आहे. आय मीन, मी व्होट केलंय."

"उद्यापर्यंत आणा. पुढे कोण?"

पुढचा पुढे आला. त्याचा अर्ज हातात घेतल्यावर द्वारकाबाईंना आपला आवाज ऐकू आला, कुणीतरी मागे रेकॉर्ड करून ठेवावा तसा. त्यांनी मान वर केली. मुलगी जिन्यावरून गेली होती. हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा खिडकीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, फक्त शिक्का हवाय."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला नाही. जुन्या फायली काढल्या. सज्ञान विद्यार्थ्यांना वडलांची सही लागते, असं परिपत्रक कुठेतरी असणारच. एकतीस वर्षं त्या मागत आल्या होत्या, म्हणजे नियम असणार. परिपत्रकं सापडली: सायकली कुठे लावाव्यात याचं, फळ्यावर तेलकट खडू वापरू नये याचं, प्राचार्यांच्या खोलीबाहेर मोठ्याने बोलू नये याचं. वडलांच्या सहीचं सापडलं नाही. संमतीपत्राचा मूळ नमुना सापडला. तो शेजारच्या शाळेचा होता. वरचं शाळेचं नाव पांढऱ्या शाईने खोडून त्यावर कॉलेजचं टाइप केलेलं होतं. कोपऱ्यात तेव्हाच्या लिपिकाची आद्याक्षरं होती. द्वा. टि.

हे त्यांनीच केलं होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी, कुणीतरी घाईत नमुना मागितला म्हणून. मग त्यावरून एकतीस वर्षं मुली घरी परत गेल्या होत्या. त्यांतल्या काही दुसऱ्या दिवशी सही घेऊन आल्या. बाकीच्या परत आल्या नाहीत, आणि त्या का आल्या नाहीत, हे खिडकीपलीकडून कधी कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संस्कृती सही घेऊन आली. वडलांची सही मुलीच्याच जांभळ्या शाईत होती.

"ही खोड," द्वारकाबाई म्हणाल्या. "इथं तुझं नाव लिही. खाली तुझी सही."

"पण मॅम, काल तुम्ही..."

"काल मी चुकले. लिही."

प्राचार्यांनी संमतीपत्रांच्या गठ्ठ्यावर न वाचता सही केली. ते वाचून सही करत नसत.

दोन मे रोजी संध्याकाळी द्वारकाबाईंनी मंडळाला पत्र दिलं. मंडळाची घटना त्यांनी वाचली होती. सभासदांपैकी ती वाचणाऱ्या बहुधा त्या एकट्याच. कलम एकोणीस: सभासदाच्या लेखी प्रश्नास तीस दिवसांत लेखी उत्तर देणे कार्यकारिणीवर बंधनकारक राहील. त्यांचा प्रश्न एका ओळीचा होता. महिला सभासदांच्या अर्जातील 'पालक/पती' हा रकाना कोणत्या ठरावानुसार आहे, त्याची प्रत मिळावी.

"कशाला, मॅडम?" समाधान पोच देताना कळवळला. "एक सही, दोन मिनिटांचं काम. तीस दिवसांत टँक बंद होईल."

"मग एकोणतिसाव्या दिवशी द्या."

*

मे महिना तापला. मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक दोनदा ठरली आणि दोनदा पुढे गेली. एकदा अध्यक्ष महाबळेश्वरला होते आणि एकदा सचिव.

दरम्यान कांताबाई फळीवरून गेल्या. नाक धरून, पाय आधी, किंचाळत. पण गेल्या.

"तुमच्या अर्जावर कुणी सही केली?" द्वारकाबाईंनी विचारलं. कांताबाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगा कॅनडात.

"साईनं. नातवानं. एकोणीस पूर्ण झालेत त्याला." कांताबाई टॉवेलने केस झटकत होत्या. "अहो, त्याचे लंगोट मी बदललेत. आता तो माझा पालक. सही करताना म्हणतो कसा, आजी, नीट राहा हं."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"मग काय करू? तुमच्यासारखी पत्रं लिहीत बसू? माझं वय बघा. टँक राहणार एकतीसपर्यंत, मी किती राहणार ते मंडळानं कळवलेलं नाही." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "खालून वर बघितलं ना, द्वारकाबाई, तर सगळं हिरवं दिसतं. ऊन हलतं. जाऊन या हो. सही कुणाची का असेना."

द्वारकाबाई त्या दिवशी काठावरून अकरा वेळा गेल्या. प्रत्येक वेळी खाली जाऊन वर बघितलं. हिरवं होतं, पण लगेच संपलं.

तीस मेला दुपारी कार्यालयात समाधानचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"मॅडम, झालं आपलं काम! तुमचे साहेब स्वतः अर्ज घेऊन आले, सही करून गेले. एकदम मोकळा माणूस. म्हणाले, तिला सांगू नका, सरप्राइज आहे. पण मला राहवलं नाही. थोडी अडचण होती, कौटुंबिक कार्डावरच्या सहीशी त्यांची सही अजिबात जुळेना. पण म्हटलं, साहेब समोर उभे आहेत, एवढं काय ताणायचं. उद्या शेवटचा दिवस. या तुम्ही!"

द्वारकाबाईंनी फोन ठेवला. खिडकीवर रांग होती. त्यांनी अकरा बोनाफाईड दिली आणि एकावर तारीख चुकवली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी रंगनाथराव दारातच उभे होते. लहान मुलाने खाऊ पाठीमागे लपवावा तसा चेहरा.

"काही कळलं का?"

"कळलं."

"मग?"

ते उन्हातून चालत गेले होते. कपाळ अजून लाल होतं. द्वारकाबाईंनी त्यांना पाणी दिलं. ओरडायचं खूप होतं, पण समोरचा माणूस प्रेमाने उन्हातून चालत गेला होता, आणि प्रेमाने केलेल्या गोष्टीवर ओरडायची सोय त्यांना कुणी ठेवली नव्हती. त्याचाच राग सर्वांत जास्त होता.

"पुढच्या वेळी टोपी घालून जा," त्या म्हणाल्या.

*

एकतीस मेला सकाळी फळीपुढे रांग होती. शेवटचा दिवस म्हणून बायका मोबाईल घेऊन आल्या होत्या. समाधानने मंजूर अर्ज स्वतः आणून दिला. पालक/पती: रं. वि. टिळेकर. सही खरी होती म्हणून थोडी बेढब होती. खाली 'सभासदाची सही' असा रकाना होता. तो रिकामा होता आणि तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

"इथं माझी सही राहिलीय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"ती नसली तरी चालते, मॅडम."

द्वारकाबाईंनी तो अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग त्यावर आडवी रेघ मारली, 'अर्ज मागे घेत आहे' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली आणि परत दिला. समाधान कागदाकडे बघत राहिला.

कोंडीराम जिन्याशी उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. तो जवळ आला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चीड होती.

"ताई, येडेपना करू नका. वरीसभर घासलंय आपून. सही कुनाचीबी असंना, पानी तेच हाय."

"पाणी तेच आहे, कोंडीराम."

"मग? उद्या ह्यात मुरूम पडंल. मग कुटं मारनार सूर? माज्या हिरीत? लिफ्टमदी?"

तो म्हणत होता ते खरं होतं. फळी सहा पावलांवर होती. अंगातला कणन् कण तिकडे ओढत होता. त्या क्षणी कुणी धक्का दिला असता तरी त्या रागावल्या नसत्या.

"मला वर जाऊन रंगनाथरावांच्या सहीनं खाली यायचं नाही," त्या अखेर म्हणाल्या. "तेवढा वेळसुद्धा माझा नसेल, तर ती घरचीच खोली झाली. तेरा फूट खोल."

कोंडीरामला ते पटलं नाही. तो मान हलवत गेला आणि पुढच्या बाईला हात कसे धरायचे ते दाखवू लागला. द्वारकाबाई काठावर उभ्या राहिल्या, सूर मारला, वर आल्या, आणि नऊच्या आधी घरी गेल्या. कुणी व्हिडिओ काढला नाही.

*

पत्र तीन जूनला पोस्टाने आलं. दिनांक एकतीस मे, नियमाप्रमाणे मुदतीत.

'आपल्या पत्रासंदर्भात कळविण्यात येते की, सदर रकान्याबाबत मंडळाचा कोणताही ठराव उपलब्ध नाही. चौकशीअंती असे दिसून आले की, अकरा वर्षांपूर्वी महिलांचे अर्ज छापताना छापखान्याने शालेय बॅचचा नमुना वापरला असावा. तरी सदर रकाना भरणे बंधनकारक नाही. कळावे.'

रंगनाथरावांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला.

"म्हणजे मी उगाच गेलो."

"हो."

"आणि अकरा वर्षं सगळ्याच बायका..."

"हो."

त्यांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "मी येऊ का बरोबर?" आणि लगेच, "नको. तू जा."

पाच जूनला द्वारकाबाई मंडळात गेल्या. कोंडीराम नव्हता. खोल टँक नाही तर खोल टँकचा माणूस कशाला. त्याचा करार नवा झाला नव्हता. वाघोलीच्या एका सोसायटीत, साडेतीन फुटांच्या तलावावर, पोरांना पळू नका म्हणून सांगायची नोकरी त्याला मिळाली होती.

समाधानने पत्र पुन्हा वाचलं, जणू ते त्याच्या कार्यालयातून गेलंच नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. एक प्रकरण निकाली निघालं होतं.

"बघा, मॅडम, शेवटी तुमच्या मनासारखंच झालं. आता तुम्ही खुशाल मारा सूर. मंडळाची काही हरकत नाही."

"टँकमध्ये पाणी आहे?"

"नाही, ते एकला सोडलं."

"मग?"

"मी परवानगीचं बोलतोय, मॅडम."

"तेच लेखी द्या."

त्याने दिलं. मंडळाच्या कागदावर, शिक्क्यासह. श्रीमती द्वारका टिळेकर यांना तीन मीटरच्या फळीवरून सूर मारण्यास मंडळाची हरकत नाही. द्वारकाबाईंनी शुद्धलेखन तपासलं, कागद पर्समध्ये ठेवला आणि टँककडे गेल्या.

फळी काढून नेली होती. सिमेंटचा मनोरा आणि लोखंडी जिना तेवढा उरला होता. टँक कोरडा होता, पाणी असताना वाटे त्याहून खूप मोठा. तळाला चौघेजण फरश्या फोडत होते आणि एक बाई तुकडे गोळा करत होती. मुरमाचा ट्रक फाटकाशी उभा होता.

द्वारकाबाईंनी चपला काढल्या. पर्स खाली ठेवली. साडीचा पदर खोचला आणि जिना चढल्या, सावकाश, दोन्ही कठडे धरून. वर वारा होता. त्या कडेपर्यंत गेल्या, पायाची बोटं सिमेंटच्या काठावर वळवली. मग हात वर केले आणि कानांना लावले.

"मॅडम!" समाधान कार्यालयातून धावत आला. "अहो मॅडम, काय करताय? खाली या! कुणाला विचारून चढलात?"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. हनुवटी छातीला लावली आणि तशाच उभ्या राहिल्या.

खाली हातोडे थांबले. पुरुष नुसते तोंड वर करून बघत राहिले. तुकडे वेचणाऱ्या बाईने उन्हामुळे डोळ्यांवर हात धरला, वर उभ्या असलेल्या बाईकडे क्षणभर पाहिलं, आणि तिला जागा करून द्यावी तसं आपलं भरलेलं घमेलं ओढून बाजूला घेतलं.